कोकणात कयाकिंग करायचंय? आधी पंचांग उघडा, मग तिकीट काढा

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. अमळनेरहून दोन कुटुंबं, सहा माणसं, त्यात दहा आणि तेरा वर्षांची दोन मुलं. नाताळच्या सुट्टीत पाच दिवस. रोज नवा किनारा, रोज कयाकिंग (लांबट, अरुंद होडी स्वतः वल्हवत नेणं), आणि एक दिवस सिंधुदुर्ग किल्ल्याला पाण्यातून वळसा. पोहता येतं ते फक्त तुमच्या मिस्टरांना आणि दिरांना, तेही विहिरीत शिकलेले. वर दोन उपप्रश्न: सूरत आपल्याला जवळ असताना कोकण कशाला? आणि ऑनलाइन मिळते ती हवा भरायची कयाक घेऊन टाकावी का?

मी भुसावळचा. पावसाळा सरला की खान्देशातले छोटे गट घेऊन कोकणात आणि गोव्यात खाड्यांमधून कयाकिंगला नेतो, म्हणून हे विचारणारे तुम्ही काही पहिल्या नाहीत. बहुतेकांचा बेत तुमच्यासारखाच असतो आणि अडचणही तीच असते. बेत गाडीचा असतो. सकाळी निघू, दुपारी पोहोचू, संध्याकाळी पाण्यात उतरू. रस्ता दिवसभर तिथंच असतो, खाडीचं पाणी मात्र नसतं. सकाळी आठला जिथं कंबरभर पाणी आहे तिथं दुपारी दोनला चिखल असतो. त्यामुळं ‘कुठं जाऊ’ हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न ‘कुठल्या तिथीला जाऊ’.

तिथी म्हणजे खरंच पंचांगातली तिथी. कोकणातली जुनी माणसं भरतीची वेळ बोटांवर काढतात: तिथीला तीनानं गुणा, चारानं भागा. पंचमी असेल तर पंधरा भागिले चार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. एकदा पहाटे, एकदा दुपारी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. रोज भरती सुमारे पन्नास मिनिटं पुढं सरकते, म्हणून हे गणित बसतं. ते मुंबईच्या आसपास चांगलं जुळतं; मालवण-गोव्याकडं भरती साधारण तासभर आधी येते. तिथी मध्यरात्री बदलत नाही, त्यामुळं अर्धा-पाऊण तास इकडं तिकडं होतो. हा हिशोब तारखा ठरवण्यापुरता. प्रत्यक्ष उतरायच्या दिवशी त्या गावचं छापील किंवा मोबाइलवरचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायचं.

आता हे तुमच्या सुट्टीला लावा. नवख्या माणसाला हवं काय? सकाळी उजेड झाल्यावर खाडीत उतरायचं, चढत्या पाण्याबरोबर आत जायचं, भरती पूर्ण होऊन पाणी थबकलं की वळायचं आणि ओहोटीला जोर चढायच्या आत परत यायचं. म्हणजे पूर्ण भरती सकाळी सव्वासात ते साडेनऊच्या दरम्यान हवी. मालवणच्या बाजूला हे साधारण एकादशी ते चतुर्दशी या दिवसांत जमतं: एकादशीला सव्वासात, द्वादशीला आठ, त्रयोदशीला पावणेनऊ, चतुर्दशीला साडेनऊ. महिन्यात असे चार-चार दिवसांचे दोन पट्टे मिळतात. तुमच्या सुट्टीत त्यातला एखादा बसतो का ते आधी पाहा. बसत नसेल तर पाच दिवस कयाकिंगचा हट्ट सोडा. ज्या दोन सकाळी पाणी बरं असेल तेवढ्याच घ्या आणि उरलेल्या दिवसांत मुलांना कोकण दाखवा. जानेवारीत चार दिवस निघत असतील तर आणखी चांगलं. थर्टी फर्स्टच्या आठवड्यात मालवणजवळच्या तारकर्ली-देवबागला माणसांपेक्षा स्पीडबोटी जास्त वाटतात, आणि त्यांच्या लाटांत नवख्यांची कयाक सांभाळणं हे माझ्या मते सुट्टीचं काम नव्हे.

ओहोटीबद्दल एवढं काळजीनं का लिहितोय? भरती ते ओहोटी साधारण सहा तास, पण पाणी सारख्या चालीनं उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग जातो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, मग दोन, मग एक. भरती आठला पूर्ण झाली असेल तर दहापर्यंत चौथा हिस्साच उतरतो. दहा ते बारा या दोन तासांत निम्मं पाणी निघून जातं. ते सगळं खाडीच्या तोंडातून समुद्राकडं धावतं. नवखा माणूस कयाक ताशी तीन-चार किलोमीटरनं नेतो. अरुंद जागी पाणी तेवढ्याच वेगानं उलटं येत असलं तर तो वल्हवत राहतो आणि काठावरचं माडाचं झाड हलत नाही. म्हणून माझ्या गटाचा नियम: दहाला कयाक काठावर. आणि जिथून उतरायचं ती जागा खाडीच्या तोंडापासून बरीच आत असावी. परतताना उतरायचा धक्का चुकला तरी पुढं थांबायला अंतर उरतं.

वाऱ्याचं वेळापत्रकही यालाच जुळतं. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, ते हिवाळ्यात किनाऱ्यावर रोज बघायला मिळतात. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडं, हलका. दहा-अकराला थोडी शांतता. मग समुद्राकडून वारा सुरू होतो आणि दुपारी जोर धरतो. पाण्यावर जागोजाग पांढरा फेस दिसू लागला की नवख्यांनी परतायचं, मोबाइलवरचा अंदाज काही का म्हणेना. लोक दुपारच्या वाऱ्याला भितात, पण उघड्या किनाऱ्यावर सकाळचा मतलई वारा जास्त फसवा. तो पाठीमागून येतो, काठाजवळ पाणी आरशासारखं दिसतं, वल्हं न मारताही कयाक छान पुढं जाते. मागं वळून बघेपर्यंत किनारा लांब गेलेला असतो आणि परत यायचं असतं ते वाऱ्याच्या तोंडावर.

आता जागा. पाच दिवसांत पाच किनारे नकोत. मालवण-देवबाग या एकाच टापूत मुक्काम करा. कर्ली नदीची खाडी देवबागच्या चिंचोळ्या पट्टीला समांतर जाते. एका बाजूला समुद्र, एका बाजूला शांत पाणी. संगमाकडं, म्हणजे जिथं नदी समुद्राला मिळते तिकडं, जाऊ नका. तिथं प्रवाह, लाटा आणि पर्यटकांच्या बोटी तिन्ही एकत्र येतात. आत, कांदळवनाच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या झाडांच्या, बाजूला जा. दुसऱ्या सकाळी मालवणच्या उत्तरेची कोळंबची खाडी बघता येईल. वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतात. कयाक नाही, पण मुलांना तिथं झाडांची श्वास घेणारी मुळं आणि खेकडे नीट समजावून सांगतात. खुशाल एक दिवस त्याला द्या.

सिंधुदुर्गाला कयाकनं वळसा मात्र नाही. सरळ नाही. १६६४ साली महाराजांनी कुरटे बेट निवडलं ते उगीच नव्हे. भोवती पाण्याखाली खडक आहेत आणि सुरक्षित वाट फक्त रोज जाणाऱ्या नावाड्यांना ठाऊक असते. भरतीला खडक दिसत नाहीत, फक्त मध्येच एखादी लाट कारण नसताना फुटते. किल्ला बघायला प्रवासी होडी आहे, तिनं जा, आतलं शिवराजेश्वर मंदिर बघा.

गोव्याचा पर्याय हवा असेल तर दक्षिणेत साळ नदी नवख्यांना सोयीची. चोराव बेटाभोवतीचं कांदळवन सुंदर आहे, पण तिथून जवळच्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. चिपळूण-दाभोळकडच्या वाशिष्ठीतही आहेत. घाबरवत नाही. कुठल्याही खाडीत उतरण्याआधी तिथल्या मासेमाराला ‘इथं मगर दिसते का?’ एवढं विचारायचं. तो खरं सांगतो, त्याला तुम्हाला काही विकायचं नसतं.

सूरतचं. आपलीच तापी डुमसजवळ समुद्राला मिळते, अमळनेरहून गाडी थेट, मग तिकडं का नको? कारण खंभातचं आखात नरसाळ्यासारखं अरुंद होत जातं आणि भरतीचं पाणी त्यात कोंबलं जातं. मालवण-गोव्याकडं उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, भरती-ओहोटीतला फरक सुमारे दोन मीटर, मुंबईला पाचच्या आसपास, आणि भावनगरच्या बाजूला तो दहा मीटरच्या घरात जातो. सूरत-दमणचा किनारा या दोन टोकांच्या मध्ये. पाणी गढूळ, प्रवाह दांडगा, आणि ओहोटीला लांबवर नुसता चिखल. त्यात कयाक अडकली तर उतरून ओढताही येत नाही, पाय मांडीपर्यंत रुततो. अंतर वाचतं, पण कयाकिंग होत नाही.

हवा भरायची कयाक या सहलीसाठी घेऊ नका. स्वस्तातली वाऱ्यावर पाचोळ्यासारखी भरकटते, आणि कोकणातल्या खडकांवर, धक्क्यांच्या दगडांवर कालवं, म्हणजे शिंपले, चिकटलेली असतात; त्यांची धार ब्लेडची. आपल्याकडचा त्रास वेगळाच: मे महिन्यात हवा भरलेली कयाक गच्चीवर राहिली तर आतली हवा फुगून शिवण उसवते. तिथं भाड्यानं मिळणारी जाड प्लॅस्टिकची, वर बसायची कयाक घ्या. तिला भोकं असतात, त्यातून पाणी येतं-जातं. ती बुडते आहे असं समजून घाबरू नका, ती तशीच असते.

सहा जणांना दुहेरी तीन कयाक. जोड्या नवरा-बायकोच्या लावू नका, पोहण्याच्या आणि वजनाच्या हिशोबानं लावा. तुमचे मिस्टर एका मुलाबरोबर, दीर दुसऱ्याबरोबर. मूल पुढं, मोठा माणूस मागं, कारण दिशा मागून सांभाळली जाते. तुम्ही आणि तुमच्या जाऊबाई तिसऱ्या कयाकमध्ये, आणि गाइडची कयाक तुमच्या शेजारी. गाइड पाण्यात, स्वतःच्या कयाकमध्ये असला पाहिजे. काठावर शिट्टी घेऊन उभा राहणारा गाइड चालणार नाही, हे बुकिंगच्या फोनवरच सांगा. त्याच फोनवर दोन गोष्टी विचारा: ‘त्या दिवशी भरती किती वाजता?’ आणि ‘लहान मुलांच्या मापाचं जॅकेट आहे का?’ पहिल्याला ‘कधीपण या, पाणी असतंच’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा आणि दुसरा नंबर लावा.

जॅकेट घातल्यावर एक परीक्षा घ्या. पट्टे आवळा, मग दुसऱ्यानं खांद्यावरचे दोन्ही पट्टे धरून वर ओढायचे. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जाणार, बदलून घ्या. मुलांच्या बाबतीत भीड ठेवू नका. आणि विहिरीत पोहणाऱ्यांनीही जॅकेट घालायचंच. विहिरीत प्रवाह नसतो आणि चार हात मारले की कठडा हाताशी येतो. खाडीत कठडा नाही.

कयाक उलटली तर? कोमट पाणी आहे, हिवाळ्यातही समुद्र गार पडत नाही, त्यामुळं जॅकेट असेल तर घाई नाही. वल्हं सोडायचं नाही, कयाकही सोडायची नाही. ती सरळ करायची, दोघांनी दोन बाजूंना जायचं. एकानं आपल्या बाजूनं धरून ठेवायची, दुसऱ्यानं हात कयाकवर आडवे टाकून पाय मागं पाण्यावर आणायचे, जोरात पाय मारत पोट आडवं वर चढवायचं. अडखळतात ते इथंच: लोक गुडघा वर घ्यायला बघतात आणि कयाक पुन्हा उलटते. पोट वर आलं की थांबा, श्वास घ्या, मग कुशीवर वळून बूड जागेवर टेकवा, पाय सगळ्यात शेवटी. पहिल्या सकाळी छातीभर पाण्यात सहाही जणांनी हे करून बघितल्याशिवाय मी गट पुढं नेत नाही, भले अर्धा तास जावो. मुलांना हाच खेळ सगळ्यात आवडतो.

याची अर्धी तयारी अमळनेर किंवा जळगावच्या स्विमिंग टँकमध्ये होते. शिडी न वापरता काठावर पोटानं चढायचं, बस. जे पोहत नाहीत त्यांनी जॅकेट घालून पाठीवर तरंगायची सवय करावी; पाण्याची धास्ती तिथंच निम्मी जाते. घरी भिंतीला न टेकता पाय पुढं पसरून अर्धा तास बसून बघा. पंगतीत मांडी घालून तासभर बसणाऱ्यांच्याही मांड्यांच्या मागच्या शिरा ओरडतात. हतनूर, गिरणा किंवा अक्कलपाड्याच्या पाण्यात आपल्या मनानं सराव करायला मात्र जाऊ नका. धरणाचं पाणी सोडण्याची वेळ आपल्याला सांगून येत नाही.

खाडीत आणखी दोन गोष्टी सांभाळायच्या. मासेमार खुंट्या ठोकून जाळी लावतात. प्रवाह कयाकला आडवी करून खुंट्यांवर नेतो आणि दाबून धरतो. खुंट्या दिसल्या की लांबूनच वळा. कांदळवनाच्या फांद्यांवर ढकलले गेलात तर फांदी धरू नका. हातात फांदी राहते आणि बुडाखालून कयाक निघून जाते. अंग फांदीकडं झुकवा, वल्ह्यानं ढकला. आणि समुद्राच्या बाजूला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणं चालू असेल तर दोरापासून लांब राहा. त्या लोकांची पोटापाण्याची वेळ आहे, आपण पाहुणे.

उन्हाबद्दल आपल्या लोकांना फाजील आत्मविश्वास असतो. ‘आम्ही भुसावळचा मे काढतो हो!’ असं म्हणणारेच दुसऱ्या दिवशी खोलीत आडवे असतात. आपल्याकडं हवा कोरडी, घाम आला की उडतो आणि अंग थंड होतं. कोकणात दमटपणामुळं घाम उडतच नाही, नुसता ओघळतो. तीस अंशालाही अंग आतून तापत राहतं. शिवाय पाण्यावरून परतणारं ऊन खालून हनुवटी आणि मांड्या भाजतं. पूर्ण बाह्यांचा पातळ, लवकर वाळणारा टीशर्ट, टोपी, पायात मागून पट्टा असलेली सँडल किंवा जुने कॅनव्हास बूट. जीन्स नको. माणशी दीड-दोन लिटर पाणी कयाकमध्येच बांधून ठेवा, सोबत मीठ-साखरेचं काहीतरी. चष्म्याला दोरी. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, आणि ती पिशवी गळ्यात नको, जॅकेटला अडकवा. सकाळी न्याहारी हलकी. आदल्या रात्री शेवभाजी सापडणार नाहीच. पण घरून नेलेला ठेचा मालवणी सोलकढीबरोबर काय लागतो, ते मी सांगत नाही, खाऊन बघा.

आदल्या संध्याकाळी हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा समुद्राचा अंदाज बघा. उंच लाटांचा इशारा तिथं जिल्ह्यानुसार येतो. लांबच्या वादळाची लाट आपल्याकडं आभाळ स्वच्छ असतानाही येते. खाडीत तिचा त्रास कमी, तरी तोंडाजवळ जाऊ नका. तटरक्षक दलाचा मदतीचा नंबर १५५४, नेहमीचा ११२. दोन्ही सगळ्यांच्या मोबाइलमध्ये हवेत. आणि मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरपर्यंत किनाऱ्यावरचे जलक्रीडा व्यवसाय बंद असतात. त्या काळात कुणी ‘स्पेशल’ म्हणून नेत असेल तर हात जोडा.

प्रवासाचं काय ते तुमच्या हातात. गाडीनं सातशे किलोमीटरच्या वर पडतं, मुलांना घेऊन एका दिवसात करू नका. पुण्यात किंवा कोल्हापुरात रात्र काढा. रेल्वेनं जायचं तर जळगावहून मंगला एक्स्प्रेस थेट कोकण रेल्वेवर जाते, गोव्यासाठी भुसावळहून गोवा एक्स्प्रेस. नाताळचं आरक्षण लवकर भरतं, म्हणून तिथी आजच बघून घ्या. पोहोचल्याच्या दुसऱ्या सकाळी कयाकिंग ठेवू नका, प्रवासाचा शीण दंडात असतो. पाच दिवसांत दोन सकाळी पाण्यात, एक राखीव. हवा बिघडली तर ती राखीव कामाला येते, नाही बिघडली तर मुलं तिसऱ्यांदा जायचं म्हणतीलच.

तुमच्या सुट्टीच्या नेमक्या तारखा इथंच लिहा, भरतीच्या वेळा मी लावून देतो. सोबत दोन्ही मुलांची वजनंही कळवा. जॅकेटचं माप गाइडला आधी सांगावं लागतं.